एक लिटरच्या डब्यातली जागा

आज संध्याकाळी थिंकसेंटर एम७२०क्यू उघडून बसलो. जेमतेम एक लिटर आकारमानाचा हा संगणक. त्यात आईच्या भजनांची ध्वनिमुद्रणं, गावाकडच्या जत्रांचे व्हिडिओ, स्कॅन केलेले जुने अल्बम, सगळं मावायला हवं. बाहेरची डिस्क केबलने लोंबकळत ठेवणं मला पटत नाही. कुणाचा तरी धक्का लागतोच.

मोठ्या कॅबिनेटमध्ये हार्ड डिस्क वाढवताना विचार करावा लागत नाही. इथे मिलिमीटर मोजावे लागतात. तळाशी एम.२चा एकच स्लॉट. त्यात २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब एनव्हीएमई एसएसडी बसते. वरच्या कप्प्यात अडीच इंची सॅटा ड्राइव्ह, पण ७ मिमी जाडीचाच. चार-पाच टीबीच्या फिरत्या अडीच इंची डिस्क १५ मिमी जाड असतात, म्हणजे तो स्वस्त मार्ग बंद. पीसीआय एक्सप्रेस कार्ड लावायचं तर हाच कप्पा सोडावा लागतो.

म्हणून वाटणी केली: विंडोज एनव्हीएमईवर, ठेवा चार टीबीच्या सॅटा एसएसडीवर. सॅटाचा वेग सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास थांबतो, एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पुढे. पण भजन ऐकायला एवढा वेग कशाला?

दोन्ही ड्राइव्ह एकाच डब्यात, एकाच अ‍ॅडॉप्टरवर. याला बॅकअप म्हणता येणार नाही. वेगळी प्रत बहिणीकडे नाशिकला पाठवायची, रविवारी कॉपी करायला घेतो.