हात गळ्यात

भर आंब्यांच्या दिवसांत लेक सायकलवरून पडला. उजवा हात, मनगटाच्या जरा वर. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि म्हणाले, ‘‘ओली फांदी मोडून बघितलीय ना? एका अंगाने चिरते, दुसरीकडे नुसती वाकते. तसंच झालंय.’’ पाच आठवडे प्लास्टर.

हात उशीवर उंच ठेवा, बोटं हलवायला लावा, बोटं निळी किंवा गार पडली, बधिर झाली तर रात्र-बित्र न बघता या, असं बजावलं होतं. पहिल्या दोन रात्री मी मोबाइलच्या उजेडात त्याचं नख दाबत बसले. पांढरं व्हायचं, सोडलं की गुलाबी. तो घोरत होता.

दुखणं चार दिवसांत ओसरलं. खाज मात्र मुक्कामाला राहिली. पुण्यातला मे, त्यात प्लास्टरखाली घाम. फूटपट्टी, विणायच्या सुया सगळं मी कपाटावर टाकलं. आत ओरखडा उठला तर चिघळायचा. ड्रायरची गार हवा कडेने सोडायची, एवढाच इलाज. आंघोळीला हातावर पिशवी, अंगात सासऱ्यांची ढगळ बंडी. डाव्या हाताने जेवणं सासूबाईंना बघवेना, म्हणून आमरस त्याच भरवायच्या. त्यांना कांडवेलीचा लेपही लावायचा होता. पण लावणार कुठे? नाचणीची खीर मात्र चुकली नाही.

दुपार सरता सरत नसे. मग त्यांनी खडूने फरशीवर चल्लस-आठचा पट आखला, चिंचोके फोडून दान टाकायला घेतले. लेक डाव्या हाताने टाकायला शिकला. तिसऱ्या आठवड्यात एक चिंचोका हरवला. सोफ्याखाली शोधला, केरात शोधला, शेवटी दुसरा फोडला.

त्यानंतर ‘‘आई, टोचतंय’’ सुरू झालं. खाजेची तक्रार ऐकून ऐकून माझे कान किटले होते. मी पुन्हा ड्रायरच धरला.

प्लास्टर काढायच्या करवतीचा आवाज ऐकून तो मला बिलगला. डॉक्टरांनी ती आधी स्वतःच्या तळव्याला टेकवून दाखवली; ती नुसती थरथरते, कातडी कापत नाही. आतून हात निघाला तो काटकुळा, कोंडा धरलेला. त्याबरोबर टेबलावर टक्कन काहीतरी पडलं.

‘‘थोडंसंच खाजवत होतो,’’ तो खाली बघत पुटपुटला. मनगटावर लाल वळ होता. मला त्याच्याकडे बघवेना.

घरी सासूबाईंनी चिंचोका धुतला, पदराला पुसला आणि डब्यात टाकला. ‘‘तरीच म्हटलं, दान का पडेना!’’