खाण्याचं पुस्तक

बहात्तरच्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. विहिरीनं तळ गाठला होता. आई आणि दादा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. रेशनवर अमेरिकेतून आलेला मिलो मिळायचा. त्याची भाकरी तांबडी, निवली की चामड्यासारखी. कामावर सुकडी मिळायची, ती आई पदराला बांधून आमच्यासाठी आणायची.

अशा दिवसांत गुरुजींनी मला शाळेच्या पेटीतलं एक पुस्तक दिलं. पु. ल. देशपांड्यांचं 'हसवणूक'. त्यात 'माझे खाद्यजीवन' नावाचा लेख आहे. एकट्यानं वाचून रॉकेल जाळलं तर दादा बोलायचे, म्हणून कंदिलापाशी बसून मोठ्यानं वाचायला लागलो. दादा उखडलेच.

"पोटाला न्हाई, आन् ह्यो खायाचं वाचतुय! मिटव ते."

मी मिटवलं. आई म्हणाली, "वाच रं. ऐकायला काय रेशनकार्ड लागतंय व्हय?"

आईला अक्षर येत नव्हतं. त्यातले निम्मे पदार्थ आमच्यापैकी कुणी डोळ्यांनी बघितले नव्हते. पण हा माणूस स्वतःच्याच जिभेची चेष्टा करतोय, हे तिनं लगेच ओळखलं. हसता हसता तिला ठसका लागला. दादा भिंतीकडं तोंड करून झोपले होते. थोड्या वेळानं त्यांचीही पाठ हलायला लागली.

भूक काही गेली नाही. पण त्या रात्री तिचा धाक कमी झाला.

पुढं दहावी झालो आणि हातात औत आलं. वाचन मात्र सुटलं नाही. 'रुचिरा'सारखं पाककृतींचं पुस्तक बायकोच्या कामाचं. मला खाणाऱ्या माणसाची गोष्ट हवी असते. हळद किती चमचे घातली याच्याशी मला देणंघेणं नाही, अनोळखी पदार्थाचा पहिला घास घेताना त्याचं तोंड कसं झालं ते पाहिजे. 'पूर्वरंग' हाती आलं तेव्हा उसाला पाणी देता देता बांधावर बसून मी जपानपर्यंत जाऊन आलो. पाणी शेजाऱ्याच्या रानात गेलं, ते निराळं.

मग दुर्गाबाई भागवतांचं 'खमंग' मिळालं. लोकसाहित्याचा एवढा अभ्यास केलेली बाई खाण्यापिण्यावर रस घेऊन लिहिते, याचंच अप्रूप वाटलं. त्यांच्याविषयी आणखी वाचलं, तेव्हा कळलं की तरुणपणी आदिवासींचा अभ्यास करायला त्या मध्य भारतात हिंडल्या होत्या. तिथं विषारी सुरण खाण्यात आला आणि त्या कित्येक वर्षं अंथरुणाला खिळल्या. ज्या बाईला खाण्यानं असं पाडलं, तिनंच पुढं खाण्यावर एवढ्या चवीनं लिहावं!

घरी येऊन आईला सांगितलं. ती तेव्हा थकली होती, कान मात्र शाबूत होते.

"सुरणाला चिच लावाय पायजे. त्या बाईला कुणी सांगितलं न्हाई व्हय?" थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्या बी खाल्लंय तसलं."

दुष्काळात ओढ्याकाठची पाथरी, चिघळ, तांदुळजा लोकांनी खुडून संपवला. मग आई ओळखीचा नसलेला पाला आणायची. शिजवून दुपारी आधी स्वतः खायची आणि रात्रीपर्यंत वाट बघायची. काही झालं नाही, तर आमच्या ताटात.

मी खाली बघत बसलो. आईला भूक धरवत नाही म्हणून ती आमच्या आधी खाते, असं मला तेव्हा वाटायचं. एकदा तसं तिच्या तोंडावर बोललोही होतो. ते तिच्या ध्यानात होतं का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

ती मात्र रंगात आली होती. "एकदा लई जुलाब झालं बघ. धा येळा वगळीला पळाले. मुकादम म्हणला, बाई, खडी फोडाय आलीस का रान मोजाय? म्या म्हणलं, मोजून झालंय, आता लिवून घ्या!"

आणि पन्नास वर्षांपूर्वीसारखाच तिला हसता हसता ठसका लागला. मी पाणी दिलं.

"हे लिव तुज्या वहीत," ती म्हणाली. "मुकादमाचं नाव तेवढं घालू नगंस."

म्हणून घातलेलं नाही.