दाढदुखी आणि चाळीस माणसं

रात्रभर ठणकणारी दाढ घेऊन पेशंट ओपीडीत येतो, तेव्हा इंटर्नच्या हातून केस पेपरवर तीन ओळी आपसूक उतरतात: अमॉक्सिसिलिन, मेट्रोनिडाझोल आणि एक वेदनाशामक. सगळं पाच दिवस. मी पहिल्या ओळीवर बोट ठेवते आणि विचारते, "हे कशासाठी?"

"इन्फेक्शन आहे, मॅडम."

"कुठे?"

मग आम्ही पुन्हा चेअरपाशी जातो. गालावर सूज नाही, ताप नाही, जबड्याखाली गाठ लागत नाही. थंड लावलं की कळ उठते आणि बराच वेळ जात नाही. एक्स-रेत कीड नसेपर्यंत पोचलेली दिसते, पण मुळाच्या टोकाशी हाड शाबूत आहे. म्हणजे दाढेच्या आतली नस सुजली आहे. चहूबाजूंनी कठीण भिंती, सुजेला पसरायला जागा नाही, रक्तपुरवठा आधीच कोंडलेला. पोटातून गेलेली गोळी तिथे पोचणार कशी, आणि पोचलीच तरी दाब कमी करणार कसा? दाढ उघडून नस काढायची, नाहीतर दाढ काढायची. तिथेच आराम आहे.

शास्त्र एवढं सांगतं. पण ‘शास्त्र असं सांगतं’ यावर थांबायचं नाही, हे मला शिकवायचं असतं. तर्क कितीही चोख असला, तरी माणसांवर तो ताडून पाहिला आहे का, हे विचारायची सवय हाताला लागावी लागते. सेमिनारमध्ये प्रश्न बांधायची चौकट मुलं पाठ म्हणून दाखवतात: पेशंट कोण, उपचार कोणता, कशाच्या तुलनेत, फरक कशात मोजायचा. चेअरपाशी तोच प्रश्न त्यांना स्वतःच्या शब्दांत करायला लावते. "नस सुजलेल्या, पण बाहेर सूज नसलेल्या मोठ्या माणसाला नुसत्या वेदनाशामकाबरोबर अँटिबायोटिकही दिलं, तर दुखणं जास्त कमी होतं का?" प्रश्न इतका नेमका झाला की मोबाईलवर उत्तर शोधायला फार वेळ लागत नाही. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या याच प्रश्नावरच्या आढाव्याचा सारांश कुणालाही फुकट वाचता येतो.

त्या आढाव्याचा मुख्य आधार 2000 साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी आहे. तिच्यात माणसं होती चाळीस. निम्म्यांना सात दिवस, दर सहा तासांनी पेनिसिलिन. बाकीच्यांना हुबेहूब दिसणारी, औषध नसलेली गोळी. दुखणं थांबवायच्या गोळ्या दोन्ही गटांना होत्याच. कुणाचं किती दुखलं आणि कुणी किती वेदनाशामकं घेतली, हे मोजलं. दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही.

इथे वर्गाचे दोन तट पडतात. एकाला वाटतं, झालं, सिद्ध झालं. दुसरा म्हणतो, चाळीसच माणसं? मग कशाला धरायचं? माझ्या मते खरं शिकवणं इथून सुरू होतं. चाळीस माणसांत छोटा फायदा निसटू शकतो, हे खरं आहे. पण मोठा फायदा असता तर त्याची चाहूल तरी लागली असती. शिवाय तर्क त्याच दिशेने बोट दाखवतो. पलीकडच्या पारड्यात जुलाब, ॲलर्जी आणि औषधाला दाद न देणारे जंतू आहेत, ते तोटे कुणी नाकारत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2019 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांनीही अशा दुखण्यात अँटिबायोटिक नको असंच सांगितलं. पुरावा तोकडा असतानाही ठामपणे वागता येतं. फक्त आपला ठामपणा कशावर उभा आहे हे ठाऊक हवं. आणि तोंड उघडेनासं झालं, सूज गळ्याकडे सरकू लागली, ताप चढला, तर तेच अँटिबायोटिक लगेच द्यायचं आणि पेशंटला दाखल करायचं, हेही त्याच दमात शिकवते.

एवढं कळलेला मुलगा पेशंटसमोर मात्र अडतो. समोरच्या काकू म्हणतात, "मागच्या वेळी मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळ्यांनी बरं वाटलं होतं, त्याच द्या." त्यांना चाचणीचे आकडे सांगून काय होणार? म्हणून बोलायचा सरावही मी करून घेते. "काकू, दुखणं दाढेच्या आत कोंडलंय. आज बधिर करून ते मोकळं करतो, रात्री झोप लागेल. त्या गोळीने ते मोकळं होत नाही." मागच्या वेळी बरं का वाटलं असेल, तेही सांगायचं: सोबत वेदनाशामक होतं, आणि असं दुखणं मधूनमधून आपोआपही ओसरतं.

खोल किडीचंही तसंच आहे. माझ्या शिक्षकांनी शिकवलं होतं की एक्सकॅव्हेटर टणक जागेवर चरचरेपर्यंत खरवडायचं. 2016 मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांच्या एका गटाने एकमताने सांगितलं की कडा स्वच्छ कराव्यात, पण खोल किडीत नसेच्या लगतचा मऊ थर राहू द्यावा आणि वरून घट्ट भरावं. नस उघडी पडण्याचा धोका त्याने कमी होतो. मुलं विचारतात, "मॅडम, परीक्षेत काय करू?" हा प्रश्न मला बोचतो, कारण तो रास्त आहे. बाहेरून आलेले परीक्षक कोणत्या मताचे असतील, सांगता येत नाही. मी म्हणते, थर ठेव आणि का ठेवलास ते विचारण्याआधी सांग. गुण कारणांना मिळायला हवेत, असं आम्ही काही जण बैठकीत मांडत असतो.

डेव्हिड सॅकेट यांनी 1996 मध्ये पुराव्यावर आधारलेल्या या वैद्यकाची व्याख्या करताना पुराव्याबरोबर डॉक्टरचा अनुभव आणि पेशंटची निवडही धरली होती. त्यातली तिसरी गोष्ट शिकवायला सगळ्यात अवघड. म्हणून पोस्टिंगच्या वहीत एक रकाना ठेवला आहे: पेशंटने काय ठरवलं, आणि त्याच्याच शब्दांत का. वाचवता येणारी दाढ पेशंट काढून घेतो, तेव्हा मुलांना ते आपलं अपयश वाटतं. वहीत एका इंटर्नने बीडहून आलेल्या, ऊसतोडीला निघालेल्या बाईंचे शब्द लिहिलेत: "कारखाना सुरू होतोय, आता उन्हाळ्यातच परत येणार. तोवर कॅप कोण बसवणार?" रूट कॅनलचे सगळे फायदे त्यांना सांगून झाले होते. दाढ काढली. खाली मी सही केली आणि इंटर्नला पूर्ण गुण दिले.