फळी धरणारा लाकडी जबडा

रंधा मारायला बाक ठेंगणा हवा. अंगाचा भार फळीवर नीट पडतो. पण त्याच बाकावर बारीक सांधे कापायचे म्हटले की कंबर वाकते आणि थोड्याच वेळात पाठ बोलू लागते.

उपाय जुनाच आहे. इंग्लंडच्या जोसेफ मॉक्सनने १६७८ पासून छापलेल्या हस्तोद्योगांच्या पुस्तकमालेत दोन स्क्रूंचा व्हाइस, म्हणजे फळी आवळून धरणारा जबडा, दाखवला. आजचे सुतार तसाच व्हाइस बाकावर ठेवतात. काम वीतभर उंचावते, दोन स्क्रूंच्या मधे रुंद फळी सरळ उभी राहते.

फ्रान्सच्या आंद्रे-जाकोब रूबोच्या १७६९ पासून निघालेल्या ग्रंथात बाकाच्या पायालाच बसवलेला व्हाइस आहे. अशा व्हाइसची खरी करामत गुडघ्याखाली. जबड्याच्या तळाशी भोकांची आडवी पट्टी असते. फळीच्या जाडीनुसार त्यात खुंटी घालायची. खुंटी नसेल तर जबड्याचा तळ आत शिरतो नि वरची पकड सुटते. बरोबर लागली, की स्क्रूच्या एका पिळात फळी जागची हलत नाही. दर वेळी वाकून खुंटी बदलणे जाचक खरे, पण इतक्या साध्या रचनेतून एवढी पक्की पकड मिळणे फार मोलाचे.

महाराष्ट्रात जमिनीवर बसून काम करणारे सुतार मात्र फळी पायांनीच दाबून धरतात आणि दोन्ही हात रंध्यासाठी मोकळे ठेवतात.