एमएसच्या रुग्णाच्या तोलाची तपासणी

मल्टिपल स्क्लेरॉसिस अर्थात एमएस या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि दृष्टीची नस यांतील तंतूंवरच्या मायलिन या आवरणावर हल्ला करते. आवरण विरले की संदेश मंदावतो किंवा वाटेतच अडतो. तोल राखायला मेंदूला अंतर्कर्ण, डोळे आणि पायांकडून सतत माहिती लागते, आणि यांतला कोणताही मार्ग एमएसमुळे बिघडू शकतो. म्हणून नुसत्या ‘चक्कर येते’ या तक्रारीवरून दोष कुठे आहे ते कळत नाही. ती जागा शोधणे हे या तपासणीचे काम.

प्रत्येक अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचे वळणे टिपतात, तर युट्रिकल आणि सॅक्यूल डोक्याचा कल आणि सरळ रेषेतली हालचाल टिपतात. एमएसमध्ये हे अवयव सहसा शाबूत असतात. इजा होते ती पुढच्या वाटेवर: कानाकडून येणारी आठवी नस मस्तिष्कस्तंभात शिरते तिथे, तिथल्या केंद्रांत, लहान मेंदूच्या तंतूंत किंवा दोन्ही डोळ्यांची हालचाल जुळवणाऱ्या जुडीत.

आधी तक्रार नीट ऐकून घ्यावी लागते. भोवतालचे फिरते, चालताना झोक जातो, की एकाचे दोन दिसतात? त्यानंतर डोळे पाहतात. डोके स्थिर ठेवून रुग्णाने डावीउजवीकडच्या बोटांकडे झटकन पाहायचे. नाकाकडे वळणारा डोळा मागे रेंगाळला आणि बाहेर वळलेला डोळा झटके देऊ लागला, तर जोडणाऱ्या जुडीला इजा झाली आहे असे समजते. तरुण माणसात हे दोन्ही बाजूंना दिसले, तर एमएसचा संशय बळावतो. डोळ्यांच्या आपोआप होणाऱ्या हालचाली, म्हणजे निस्टॅग्मस, इन्फ्रारेड कॅमेऱ्याच्या गॉगलमधून पाहतात. कानाच्या दोषातला निस्टॅग्मस नजर ठिपक्यावर स्थिरावली की कमी होतो. मेंदूच्या दोषातला बहुधा होत नाही.

कॅलरिक चाचणीचा पाया घालणारे रॉबर्ट बारानी यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कानाचा पडदा शाबूत असल्याची खात्री करून रुग्णाला डोके ३० अंश उचलून निजवतात आणि कानात ३० आणि ४४ अंश सेल्सियसचे पाणी आळीपाळीने सोडतात. तापमानातल्या फरकाने आडव्या नलिकेतला द्रव हलतो आणि काही क्षणांत निस्टॅग्मस सुरू होतो. दोन्ही कानांचा प्रतिसाद ताडून पाहतात. एका बाजूचा प्रतिसाद क्षीण असेल तर दोष कानात किंवा नसेत असू शकतो. पण नस मस्तिष्कस्तंभात शिरते त्याच जागी एमएसचा डाग असला, तरी अगदी तसेच चित्र दिसते. म्हणून ही एकच चाचणी निर्णायक मानू नये.

इथे व्हेम्प चाचणीचा उपयोग होतो. कानात मोठा आवाज सोडून मानेच्या ताणलेल्या स्नायूवरची किंवा डोळ्याखालची विद्युत प्रतिक्रिया नोंदवतात. मानेवर पहिली लाट साधारण १३ मिलिसेकंदांनी येते. कान दुबळा झाला की लाटेची उंची घटते, तर मायलिन गेले की ती उशिरा येते. एमएसमध्ये हा उशीर लक्षपूर्वक मोजावा लागतो.

उभ्याने होणाऱ्या चाचणीत सरकत्या फळीवर आणि हलत्या भिंतीसमोर सहा प्रकारे तोल पाहतात. डोळे मिटल्यावर किंवा फळी डगमगल्यावर रुग्ण कशावर विसंबतो, हे तिथे उघड होते. मात्र थकवा आणि उष्णता यांनी एमएसची लक्षणे वाढतात. म्हणून खोली गार हवी, चाचण्यांमध्ये विश्रांती हवी, आणि अहवालात वेळ व रुग्णाची अवस्था नोंदवलेली हवी. थकलेल्या माणसाचे आकडे आजाराचे म्हणून छापणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

एक गोष्ट कधीही वगळू नये. एमएसच्या रुग्णालाही इतरांसारखी कानातल्या सुट्या झालेल्या चुन्याच्या कणांमुळे चक्कर येते, आणि ती सर्रास एमएसच्या खात्यावर टाकली जाते. डिक्स-हॉलपाइक चाचणीत बसलेल्या रुग्णाचे डोके ४५ अंश वळवून त्याला झटकन उताणे निजवतात, डोके किंचित खाली झुकवून. काही सेकंदांनी डोळे वरच्या दिशेने, वळसा घेत झटके देऊ लागले आणि मिनिटाच्या आत शांत झाले, तर कण मागच्या नलिकेत आहेत. एप्ली क्रियेने ते नलिकेबाहेर काढता येतात, बहुतेक वेळा त्याच बैठकीत. झटके लगेच सुरू झाले, थांबेनात किंवा निव्वळ खालीवर असले, तर दोष मेंदूत शोधावा.

अहवालात निव्वळ ‘असामान्य’ लिहून भागत नाही. दोष कानात, नसेत की मस्तिष्कस्तंभात, कोणता आधार अजून शाबूत आहे, आणि पडण्याचा धोका किती, हे स्पष्ट लिहावे. त्यावरच फिजिओथेरपिस्ट व्यायाम ठरवतात, न्यूरॉलॉजिस्ट औषधांचा फेरविचार करतात, आणि रुग्णाला आपली चक्कर कुठून येते ते कळते.