पुसट आकड्यांचे वाचन: एका जुन्या अ‍ॅम्बेसेडरच्या स्पीडोमीटरविषयी (धागा)

१/ मैल आपल्या रस्त्यांवरून केव्हाच गेला; 'मैलाचा दगड' मात्र भाषेत राहिला. वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला, १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने लागू झाली. या संक्रमणाचा एक साक्षीदार आमच्या घरी आहे. तो म्हणजे मैलांत मोजणारा एक स्पीडोमीटर.

२/ गाडी १९६१ सालची अ‍ॅम्बेसेडर. मॉरिस ऑक्सफर्ड या ब्रिटिश गाडीवर बेतलेली, पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे घडलेली. माझे आजोबा वसमतला डॉक्टर होते. गाडी घेतली त्याच्या पाचच वर्षे आधी हा मुलूख हैदराबाद राज्यात होता. गाडी आली तेव्हा वसमत परभणी जिल्ह्यात होते. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. गाडी अंगणातच उभी होती, प्रशासनाच्या सीमा तेवढ्या बदलत गेल्या.

३/ उन्हाने तबकडीवरचे आकडे जवळजवळ नाहीसे झाले होते. घरात दोन सूचना आल्या: किलोमीटरची नवी तबकडी बसवावी, आणि 'रीडिंग' शून्यावर आणावे. मेकॅनिकच्या दृष्टीने दोन्ही सोप्या. मी दोन्हींना विरोध केला. त्याचे कारण समजण्यासाठी आधी यंत्र पाहू.

४/ गिअरबॉक्सपासून निघालेली लवचीक तार स्पीडोमीटरमधील चुंबक फिरवते. त्या चुंबकाभोवती अ‍ॅल्युमिनियमची एक वाटी असते. ती त्याला कोठेही चिकटलेली नसते. फिरत्या चुंबकामुळे वाटीत भोवरी विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि ती ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या दोन ओढींचा जेथे तोल साधतो, तेथे काटा थांबतो. जर्मनीच्या ओटो शुल्झे यांनी या तत्त्वाचे पेटंट १९०२ साली घेतले.

५/ ओडोमीटरचे तसे नाही. तीच तार दातेरी चाकांनी अंकचक्रे फिरवते. चुंबक जुना होऊन क्षीण झाला तर काटा वेग कमी दाखवतो. अंतराची मोजणी मात्र दात्यांवर चालते, म्हणून ती त्याने बिघडत नाही. एकाच पेटीत दोन साक्षीदार असतात आणि त्यांची विश्वासार्हता वेगवेगळी असते. साधनचिकित्सा म्हणतात ती हीच.

६/ तबकडी वाचण्याची रीत पुसट मोडी कागदासारखीच. काच काढून बाजूने तिरपा प्रकाश टाकला आणि छायाचित्रे घेतली. रंग उडाला तरी त्याच्या थराची कड उरते, ती सावलीत दिसते. स्पिरिटचा बोळा फिरवला असता तर ती कडही गेली असती. म्हणून फक्त कोरडा, मऊ ब्रश. काटा काढण्यापूर्वी त्याची विसाव्याची जागा नोंदवली, कारण तो चुकीच्या जागी बसला तर पुढचे प्रत्येक वाचन चुकते.

७/ एक सावधानता. दुसऱ्या महायुद्धकाळातील जीपच्या चकाकत्या तबकड्या कधीही खरवडू नका. त्या रंगात रेडियम असे. चकाकी विझते, पण रेडियमचा अर्धायुकाल सुमारे १६०० वर्षे आहे.

८/ छायाचित्रांवरून नवी तबकडी संगणकावर रेखाटली. शेवटचा आकडा तिरप्या प्रकाशातही उमटेना. तो अंदाजाने न लिहिता त्याच काळातील दुसऱ्या गाडीशी ताडून घेतला. जिथे तर्क सुरू होतो तिथे जीर्णोद्धाराने थांबावे, हे १९६४ च्या व्हेनिस सनदेचे तत्त्व इमारतींसाठी आहे. ते तबकडीलाही लागू पडते. छापलेली प्रत आता गाडीत आहे, मूळ तबकडी आजोबांच्या वहीसोबत जपून ठेवली आहे.

९/ ती वही पेट्रोलची. प्रत्येक नोंदीत तारीख आणि रीडिंग. ओडोमीटरला पाचच अंक. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. हे वळण वहीत १९७३ साली येते. म्हणजे पहिल्या बारा वर्षांत वर्षाला सरासरी आठ हजारांहून अधिक मैल. त्यानंतर १९८३ पर्यंत चार हजारांहूनही कमी. १९७३ च्या अखेरीस जगभर तेलाचे भाव भडकले. हे कारण असेल, किंवा डॉक्टरांचे वय झाले असेल. वही कारण सांगत नाही.

१०/ वहीतील शेवटची नोंद, १९८३: ३७,८४६. साफ केलेल्या अंकचक्रांवर उमटले: ३८,१०२. फरक २५६ मैलांचा, म्हणजे सुमारे ४१२ किलोमीटर. वही थांबली त्याच वर्षी आजोबा गेले. शेवटच्या आजारात वडील त्यांना याच गाडीतून नांदेडला नेत. जाऊन-येऊन ऐंशीएक किलोमीटर. वडिलांनी मनातल्या मनात भागाकार केला आणि म्हणाले, "पाच खेपा." मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

११/ पाचच खेपा होत्या हे मी सिद्ध करू शकत नाही. गाडी आणखी कोठे गेली असेल. पण रीडिंग शून्यावर आणले असते, तर हा प्रश्नही उरला नसता. ती सूचना आता घरात कोणी करत नाही. वडिलांनीच मेकॅनिकला तसे सांगितले.

१२/ मित्रहो, तुमच्या घरी जुनी गाडी, घड्याळ, शिलाईयंत्र असेल, तर दुरुस्तीपूर्वी त्यावरचे आकडे तिरप्या प्रकाशात टिपून ठेवा, आणि घरातल्या वह्या रद्दीत जाण्याआधी एकदा चाळा. दोहोंतली तफावत हाती लागली, तर ती कोणाला आठवते का, हे आजच विचारा.