राउटरच्या यादीतला पाहुणा

रात्री नेट मंद झालं की आमच्याकडे पहिला संशय वरच्या खालांच्या मुलांवर. अम्मीला दवाखान्यात न्यायला रिक्षा आणली ती याच मुलांनी! मी म्हटलं, आधी यादी बघू. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ (काही राउटरना १९२.१६८.०.१) टाकून राउटरच्या पासवर्डने आत गेलं की जोडलेली उपकरणं दिसतात. आठ निघाली. मोबाइल, टीव्ही, प्रिंटर, अब्बांचा टॅब नावावरून ओळखले. एक मात्र निनावी. थोरला जिना चढायला निघालाच. त्याला थांबवून एकेका फोनचं वाय-फाय बंद करायला लावलं. धाकटीचा बंद केला आणि थोड्या वेळात ती नोंदही गेली. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून बहुतेक फोन आपला खरा मॅक पत्ता झाकून दुसराच देतात. पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर बहुधा हाच प्रकार.

कनेक्शन आपल्या नावावर, गैरवापर झाला तर विचारणाही आपल्यालाच. म्हणून यादी बघावीच. खरंच परकं कुणी दिसलं तर पासवर्ड बदलावा, डब्ल्यूपीएस बंद करावं. मग नवा पासवर्ड घ्यायला घरच्यांचीच रांग लागते, तेवढाच त्रास.